नाही कोण म्हणेल?

कागदाच्या तळाशी, सगळे चौकोन आणि बाण संपल्यावर, केतननं सवयीनं एक ओळ लिहिली होती : नाही कोण म्हणेल? ती ओळ आपण लिहिली आहे हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. कागद आधी जितेंद्रनं वाचला, मग हंसानं वाचला. दोघांनीही माना डोलावल्या आणि कागद ओट्यावर चहाच्या कपांजवळ राहिला. कप गोळा करायला गोदूबाई बाहेर आली, तिनं तो उचलला. गोदूबाई चौथीपर्यंत शिकलेली. ती वाचते ती ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत, आणि हातात धरलेलं पान पुरं झाल्याशिवाय खाली ठेवत नाही. तिचं बोट जितेंद्रच्या चौकोनातून हंसाच्या चौकोनात गेलं, तिथून केतनच्या, आणि मुर्धा ते चेणे अशा एका बारीक बाणाशी थांबलं. बाणावर 'आत्या' असं लिहिलं होतं. मग बोट तळाच्या ओळीवर आलं. "मी," ती म्हणाली. "मी काय?" जितेंद्रनं विचारलं. "इथं इचारलाय ना, न्हाय कोन म्हनंल. मी म्हनतंय." कागद होता तसा खाली ठेवून, त्यावर वाऱ्यानं उडू नये म्हणून एक कप ठेवून, ती उरलेले कप घेऊन आत गेली.

एवढंच झालं. भांडण नाही, आवाज चढला नाही. जितेंद्र हसला आणि म्हणाला, "बघितलंस, आत्याचा ड्रामा. होईल ठीक. उद्या अकरा वाजता बिल्डरचा माणूस येतोय, तेव्हा बस सही करून टाकू." जितेंद्र हा केतनचा थोरला चुलतभाऊ, हंसा जितेंद्रची सख्खी बहीण, आणि गोदूबाई तिघांचीही आत्या, इथंच राहणारी. मुर्ध्याचं हे कौलारू घर तिघांच्या नावावर. ते पाडून तिथं सहा मजले उभे राहणार होते आणि घराच्या बदल्यात दोन फ्लॅट मिळणार होते. दोन फ्लॅट आणि तीन वाटेकरी, म्हणून वर्षभर गाडं अडलेलं. शेवटी जितेंद्रच म्हणाला होता, "केतन, तू ते बास्केटबॉलचं काय काय जुळवत बसतोस ना मोबाइलवर, तसं आमचं पण जुळव." आणि केतननं जुळवलं होतं. नवे दोन्ही फ्लॅट जितेंद्रला, शेजारीशेजारी, म्हणजे भिंत काढून दोन्ही मुलगे एकत्र राहतील. जितेंद्रचा भाईंदरचा मोठा फ्लॅट केतनला. केतनची हाटकेशची एक खोली हंसाच्या मुलाला, त्याला तिथं क्लास काढायचाच होता. आणि हंसाकडून काय? हंसा राहायला चेण्याला, घरामागची एक खोली रिकामी होती. तिथं आत्या. प्रत्येकानं काही दिलं, प्रत्येकाला हवं ते मिळालं. शनिवारी सकाळी हे सगळं एका पानावर बसलं तेव्हा केतनला जो आनंद झाला होता तो खरा होता. आता बसस्टॉपकडे चालताना त्याला त्या आनंदाचीच शरम वाटत होती.

आणि शरमेपेक्षा राग जास्त येत होता. कुणाचा, ते मात्र धड ठरत नव्हतं. म्हातारीनं हंसासमोर आपलं हसं केलं म्हणून तिचा? चेण्याला काय वाईट आहे? हंसा म्हणालीच होती, "आत्याला बरं वाटेल रे, मोकळी हवा आहे." बस आली. केतननं तिला हात केला नाही. ड्रायव्हरनं जरा वेग कमी करून त्याच्याकडे पाहिलं आणि गाडी पुढं काढली. रविवारची दुपार, ऊन तापलेलं, रस्त्याच्या एका बाजूला पत्रे ठोकून झाकलेली बांधकामं आणि दुसऱ्या बाजूला पूर्वीच्या मिठागरांचे चौकोन, आता नुसतंच गवत आणि खारं पाणी साठलेलं. तो भाईंदरच्या दिशेनं पायीच निघाला. खिशात तो कागद होता. कपाचं गोल ओलं वळं त्यावर उमटलं होतं, नेमकं 'आत्या' या अक्षरांच्या बाजूला.

ती ओळ कुठून आली हे समजावून सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि ते केतननं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधला एक संघ त्याचा होता. बर्फाळ गावातला, फारसा कुणाला ठाऊक नसलेला, एकदाही विजेतेपद न मिळवलेला. एकोणीस वर्षं तो त्या संघाला चिकटून होता. का, ते विचारलं तर सांगता आलं नसतं. दरवर्षी तो संघ हरायचा आणि दरवर्षी केतन नोकरीच्या ठिकाणी, हाटकेशच्या एका गाळ्यात, माल रवाना करायच्या टेबलाशी, टेंपो भरून जाईपर्यंतच्या मोकळ्या वेळात तो संघ नव्यानं बांधायचा. साधी अदलाबदल कुणीही करेल. एक द्या, एक घ्या. केतनचा हातखंडा तीन-चार संघांच्या सौद्यात. या संघाला उंच माणूस नको झालाय, दुसऱ्याला हवाय. पण त्याच्याकडे द्यायला आहे तो बॉल खेळवणारा डावखुरा गार्ड, जो पहिल्याला नको पण तिसऱ्याला चालेल. तिसऱ्याकडे आहेत पुढच्या वर्षांचे नवे खेळाडू आधी निवडायचे हक्क, जे चौथ्याला हवेत. असं फिरत फिरत, कुणाचंच नुकसान न होता, शेवटी केतनच्या हरणाऱ्या संघात पाच असे जण जमतात की त्यांच्यासमोर कुणी टिकू नये. यासाठी एक वेबसाइट होती. तिथं नावं टाकायची, बटण दाबायचं, मग हिरवी पट्टी आली तर सौदा नियमात बसला, लाल आली तर फसला. हिरवी आली की केतन तो चाहत्यांच्या एका फोरमवर टाकायचा आणि तिथल्या रीतीप्रमाणे खाली विचारायचा : नाही कोण म्हणेल? म्हणजे, सांगा, यातला कुठला संघ नकार देईल. फोरमवरचे लोक त्याला हसत. एकानं लिहिलं होतं, हा माणूस बहुधा दुसऱ्या ग्रहावरून लीग बघतो. केतननं उत्तर दिलं होतं, मुर्ध्याहून. ते कुठं आहे हे कुणी विचारलं नाही.

तो प्रश्न संघांना असायचा, माणसांना कधीच नाही. हे आज पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं, रस्त्याच्या मधोमध, आणि मागून येणाऱ्या रिक्षावाल्यानं "ओ भाई, किनारे चलो ना," असं ओरडल्यावर तो बाजूला झाला. सौद्यात जे दोन मोठे खेळाडू असतात त्यांच्यावर सगळे बोलतात. पण दोन्ही पारडी सारखी व्हायला लागतात म्हणून एखाद-दुसरा अधलामधला खेळाडू वरून टाकतात. त्याला कुणी मागितलेलं नसतं. तो नुसता भरतीला. असा एक उंच, पोक काढून चालणारा बदली खेळाडू केतनला चांगला ठाऊक होता. नऊ वर्षांत सात संघ. प्रत्येक नव्या संघाची जर्सी छातीशी धरलेला त्याचा फोटो केतननं शोधून पाहिला होता, आणि सातही फोटोंत तो सारखाच हसला होता, शाळेत फोटोवाला आल्यावर पोरं हसतात तसा. त्या माणसाची केतनला आतून कणव यायची. एकदा रागानं त्यानं फोरमवर लिहिलंही होतं की याच्या बायकोपोरांना घरातली भांडीकुंडी सात वेळा बांधावी लागली असतील, ते कुणी धरतं का हिशेबात? आणि असा हा कनवाळू केतन शनिवारी सकाळी बसला आणि त्यानं स्वतःच्या आत्याला भरतीला टाकली. तिचा बाण तर त्यानं सगळ्यांत शेवटी काढला होता. तो काढल्याशिवाय हंसाची बाजू रिकामी दिसत होती.

फोन वाजला. बायको होती, कृतिका. ती दादरची. लग्न होऊन हाटकेशच्या एका खोलीत आली त्याला तेरा वर्षं झाली, आणि भाईंदरच्या फ्लॅटमधली पूर्वेकडची खोली तिनं मुलीसाठी मनातल्या मनात केव्हाच लावून टाकली होती. "काय झालं? सगळे हो म्हणाले?" केतननं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तू आत्यांना आधी विचारलंच नव्हतंस?" "विचारायचं काय त्यात." "मला वाटलं विचारलं असशील. तुझी तर आईसारखी ती." "तिची सही लागत नाही," केतन म्हणाला, आणि म्हटल्यावर आपल्याच तोंडातून जितेंद्र बोलल्यासारखं त्याला वाटलं. कृतिका म्हणाली, "मला तो फ्लॅट हवाय केतन, खोटं नाही बोलणार. पण उद्या त्या घरात झोपताना मला आत्या आठवायला नकोत. तुझं तू बघ." आणि तिनं फोन ठेवला.

आईसारखी. हा शब्द त्याला कधी नीट पचला नव्हता, कारण त्याला आई होती. भाईंदरला होती, वडिलांबरोबर, एका खोलीत, आणि तो सात वर्षांचा होईपर्यंत तिथंच होता. एक्क्याण्णव साली एका रविवारी वडिलांनी, शिवदासांनी, त्याचे कपडे एका पिशवीत भरले आणि बसनं त्याला मुर्ध्याला आणून सोडलं. त्याच आठवड्यात जितेंद्र, तेव्हा बारा वर्षांचा, मुर्ध्याहून काकांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, भाईंदरला पाठवला. त्याला शहरातली शाळा हवी होती. केतनच्या पलंगावर जितेंद्र झोपू लागला आणि केतन इथं, आत्याच्या शेजारी, चटईवर. कुणी त्याला काही सांगितलं नाही. वडील रविवारी खारी घेऊन यायचे. एकदा त्यानं विचारलं, मी घरी कधी येऊ, तर ते एवढंच म्हणाले, "तुझी आत्या एकटी आहे रे." ही सबब आहे हे सात वर्षांच्या पोरालाही कळलं होतं. जितेंद्र हुशार, पुढं शिकेल असा. त्याला आत घेतला, तर कुणाला तरी बाहेर काढावं लागणार. खोली एकच. पुढं कधीतरी केतनला जेव्हा सौद्याचे नियम कळले तेव्हा हाही सौदा त्याला लख्ख दिसला आणि त्यात आपण कोण तेही दिसलं. तेव्हापासून तो खोलीत कुणी नसताना माणसं इकडची तिकडं करत होता, आणि दर वेळी सगळ्यांचं भलं होईल असं बघत होता. हे वेड का लागलं, असं कृतिकानं एकदा विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, टाइमपास.

बॉल त्यानं भाईंदरहून आणला होता, शाळेच्या मास्तरांनी टाकून दिलेला, टप्पे कमी खाणारा. मुर्ध्याला रिंग कुठली? अंगणातल्या नारळाला आत्यानं मिठागरावरची एक टोपली बांधून दिली. पहिलाच बॉल आत पडला आणि अडकला. आत्या शिडी लावून चढली, बॉल काढला. दुसऱ्यांदा चढली. तिसऱ्यांदा कोयता घेऊन चढली आणि तिनं चांगल्या, नव्या टोपलीचं बूड कापून काढलं. काका ओट्यावरून ओरडले होते, टोपली काय फुकट येते काय? आत्या वरूनच म्हणाली, "पोर खेलतंय, तुमी चा प्या." त्या बिनबुडाच्या टोपलीत त्यानं नऊ वर्षं बॉल टाकले. आता ती आठवण आल्यावर तो थांबला. सुभाषचंद्र बोस मैदानाच्या बाजूची झाडं दिसायला लागली होती, म्हणजे तो बराच चालून आला होता. ज्या बाईनं आपल्यासाठी टोपलीचं बूड कापलं तिलाच आपण हंसाच्या मागच्या खोलीत बसवली. मग आपल्यात आणि शिवदासांत फरक तो काय राहिला? त्यांनी निदान रविवारी खारी तरी आणली.

तो उलट फिरला आणि आलेली पहिली बस धरून मुर्ध्याला परत गेला. जितेंद्र-हंसा निघून गेले होते. गोदूबाई ओट्यावर बसून सुपात सुकट निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही. "जेवलास?" "नाही." "आत भात हाय." तो जेवायला गेला नाही, तिच्यासमोर खाली बसला. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलेलं सगळं विसरलं. तेवढ्यात जितेंद्रचा फोन आला, आणि गोदूबाईला ऐकू जाऊ नये म्हणून केतन उठणार होता, पण का कोण जाणे, बसूनच राहिला आणि त्यानं फोन स्पीकरवर टाकला. "अरे केतन, तू टेन्शन नको घेऊस," जितेंद्र म्हणत होता. "मी फाइल परत चेक केली. आत्याचा काही प्रॉब्लेमच नाही यार. तिनं नाइन्टी-वनलाच हक्कसोड करून दिलाय, घराचा पण आणि मिठागराचा पण. कागदावर ती कुठंच नाही. म्हणजे तिच्या ना बोलण्याला काय व्हॅल्यू? उद्या आपण तिघं बस." केतननं "नंतर बोलतो" म्हणून फोन बंद केला. सुकटीतला एक बारीक खेकडा गोदूबाईनं उचलून बाजूला टाकला.

"एक्क्याण्णव साली का सोडलास हक्क?" केतननं विचारलं. "तेव्हा तर तू पन्नाशीचीही नव्हतीस. उभं आयुष्य पुढं होतं." "तुना काय करायचाय?" "सांग ना." ती सूप पाखडायला लागली, उगाचच, निवडून झालेलं होतं तरी. मग म्हणाली, "तुजा बापूस नि तुजा काका, दोगंव आले कागद घेवून. मी नवरा मेल्यावर रांडाव होवून परत आलेली, दोन वरसं झाली व्हती. बोलले, गोदू, सही दे, तुना आमी हयातभर सांभालू. मी बोलले, मना सांभालू नका, मी मिठागरावर जातंय, माजा मी खातंय. मना सही मागता तर मना पन कायतरी द्या." "मग?" केतननं विचारलं. "मंग काय. मी तुना मागला."

केतनला आधी ते ऐकूच आलं नाही, म्हणजे शब्द ऐकू आले पण त्यांचा अर्थ लागेना. "जितेंद्रला शाळेसाठी तिकडं पाठवायचा होता म्हणून मला इकडं..." "ता मागनं. तुजी जागा रिकामी झाली म्हनून त्याना पाठवला. तुजी आय रडली. तुजा बापूस तीन दीस आला न्हाय. मी बोलले, पोर माज्याजवल ऱ्हाईल तर सही, न्हायतर कागद घेवून जा. येवढा सोप्पा." तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "तुना इचारला न्हाय, ता खरा हाय. सात वरसाच्या पोराला काय इचारायचा, असा वाटला तवा. तू रातचा चटईवर तोंड फिरवून रडायचास, मना कलायचा. पन मी सोडला न्हाय तुना. चुकला आसंल. परत तशी येल आली तरी मी ताच करीन."

बत्तीस-तेहतीस वर्षं तो ज्या सौद्यात भरतीला गेला असं धरून चालला होता, तो सौदा झालाच मुळी त्याच्यासाठी होता. एका बाईनं घर आणि मिठागर दोन्ही एका बाजूला ठेवून दुसऱ्या बाजूला एक रडवं पोर घेतलं होतं. फोरमवर हे टाकलं असतं तर सगळे तिला हसले असते. केतनला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. रडताना रागही आला, आईचा, वडिलांचा, या समोरच्या म्हातारीचाही, की इतकी वर्षं तोंड मिटून बसली. "आधी का नाही सांगितलंस?" "तू इचारलास कवा?" ती म्हणाली. ते खरंच होतं. त्यानं चार-चार संघांना विचारलं होतं, नाही कोण म्हणेल. तिला एकदाही काही विचारलं नव्हतं.

"तुला काय हवंय आत्या?" तो म्हणाला. "खरं सांग. घर पाडायचं नाही का?" "घर पडंल काय ऱ्हाईल, कौलं गललीच हायेत. पाडा. मना ह्याच जागंवर पायजे, खाली, जमिनीला टेकून. सकालची मावरंवाली मासली घेवून दारात आली पायजे. नि चेण्याला मी जायाची न्हाय. हंसा चांगली हाय. पन तिनं मना मागली न्हाय. मी तिच्या वाट्याला आली म्हनून ती मना घेतंय." केतननं खिशातून कागद काढला, ओट्यावर सारखा केला आणि जितेंद्रला फोन लावला. "उद्या सही होणार नाही," तो म्हणाला. "अरे? कोण नाही म्हणतंय?" "मी." "पागल झालास का? तुझाच तर फायदा आहे. भाईंदरचा फ्लॅट सोडणार तू?" "सोडणार." "आणि कृतिकाला काय सांगशील?" "ते माझं मी बघतो. खालचा एक फ्लॅट आत्याच्या नावावर, ती असेपर्यंत नाही, कायमचा. त्यापुढं काय जुळवायचं ते जुळवू. ते नको असेल तर हे घर असंच राहील, कौलं मी बदलतो." "डील फुटेल केतन." "फुटू दे." पलीकडून जितेंद्र अजून काही बोलत होता, बिल्डर, अकरा वाजता, सगळ्यांचं नुकसान. केतननं फोन उलटा करून सुपाशेजारी ठेवला.

गोदूबाई कागदाकडे बघत होती. कपाचं वळं वाळून पिवळं झालं होतं. "दे," ती म्हणाली. त्यानं पेन दिलं. तिनं चष्मा घातला नाही, बोटानं चाचपत तळाची ओळ शोधली, आणि त्या प्रश्नाखाली, बाणांना पाठ करून, सावकाश, एकेक अक्षर दाबत सही केली. केतननं ती सही आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. याच सहीवर तो इथं आला होता. मग तिनं कागद आणि पेन त्याच्याकडे सरकवलं, नि त्यानं तिच्या नावाखाली आपलं नाव लिहिलं.

"आता जेव," ती म्हणाली, आणि सूप उचलून आत गेली.